ब्रूम राहू दे, पण जा नक्की

पत्र

ताई,
आम्ही पर्थला राहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे, मुलगी अडीच. येत्या जुलैत शाळेच्या सुट्टीत नवऱ्याला गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने ब्रूमपर्यंत जायचंय आणि तंबूत राहायचंय. एक मित्र गाडीच्या टपावर बसवायचा तंबू द्यायला तयार आहे. सोळा दिवसांचा नकाशा नवऱ्याने भिंतीवर लावला आहे आणि माझी झोप उडाली आहे. साप, कोळी, मगरी, फोनला रेंज नाही, जवळ दवाखाना नाही. मुलगी वरण-भाताशिवाय काही खात नाही. मला पोहता येत नाही. मागे मित्रमंडळींबरोबर मार्गारेट रिव्हरला गेलो होतो तेव्हा मी सगळा वेळ गॅसपाशीच होते. सासूबाई साताऱ्याहून फोनवर विचारतात, “एवढ्याशा लेकरांना घेऊन रानावनात कशाला?” नवरा म्हणतो, तू फार घाबरतेस. सरळ नाही म्हणू का?
– पर्थहून एक आई

उत्तर

तुझं पत्र जानेवारीत आलं हे बरं झालं. हेच मे महिन्यात आलं असतं तर माझा निम्मा सल्ला वाया गेला असता.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही म्हणू नकोस. जा. मात्र ब्रूमला जाऊ नका. आणि नवरा काहीही म्हणो, तुझी भीती मला खोटी वाटत नाही. ती फक्त भलत्या जागी जाऊन बसली आहे. सापाच्या आणि कोळ्याच्या विचाराने तू रात्री जागतेस, आणि पोहता येत नाही हे एका ओळीत लिहून पुढे निघून जातेस. मला तुझ्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात जास्त टोचली. तिच्याकडे येतेच.

भिंतीवरच्या नकाशापासून सुरुवात करू. पर्थहून वाटेतलं किनाऱ्यावरचं गाव एक्समथ साधारण १,२५० किलोमीटर. एक्समथहून ब्रूम आणखी जवळजवळ १,४००. म्हणजे जाऊन-येऊन पाच हजारांच्या वर, आणि त्यात शार्क बेचा फाटा धरलेलाच नाही. सोळा दिवसांनी भागून बघ: रोज तीनशेपेक्षा जास्त, तेही एक दिवससुद्धा न थांबता. अडीच वर्षांची मुलगी गाडीच्या सीटवर पट्ट्यात अडकून रोज चार तास बसणार, आणि मग तिच्याकडून शहाण्यासारखं वागायची अपेक्षा करणार? त्यात रोज संध्याकाळी तंबू उभारायचा, सकाळी मोडायचा. लहान मुलं पायात घोटाळत असताना या दोन कामांत दिवसातले दोन-अडीच तास सहज जातात. अशा सहलीत मोठी माणसं एकमेकांवर खेकसतात आणि मुलांना सगळ्यात जास्त आठवतं ते गाडीतलं भांडण. ब्रूम कुठे पळून जात नाही. पर्थहून विमानाने अडीच तासांचा प्रवास आहे, मुलं जरा मोठी झाली की जा.

तुझ्या नवऱ्याचं स्वप्न मात्र खरं आहे, आणि ते एक्समथच्या अलीकडेच पुरं होण्यासारखं आहे. पर्थ ते एक्समथ या किनाऱ्यावर जागतिक वारशाच्या दोन जागा आहेत. शार्क बे १९९१पासून त्या यादीत आहे, निंगालूचा प्रवाळ किनारा २०११पासून. दोन्हीकडे जायला डांबरी रस्ता आहे, साधी गाडी चालते. आणि जुलै हा तिकडचा अगदी योग्य महिना. उन्हाळ्यात उष्मा असह्य असतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. १९९९च्या मार्चमध्ये व्हॅन्स वादळात एक्समथजवळच्या लर्मंथला ताशी २६७ किलोमीटरचा वारा नोंदवला गेला होता. जुलैत तिथे दिवसा चोवीस-पंचवीस अंश, रात्री अकरा-बाराच्या आसपास. मुलांना रात्री गरम कपडे लागतील, दिवसा टोपी.

माझा नकाशा असा आहे. पहिल्या दिवशी जेराल्डटन, ४२० किलोमीटर. तिथे तंबू लावूच नका, कॅरॅव्हॅन पार्कमधली केबिन घ्या आणि लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी ओव्हरलँडर रोडहाऊसपाशी (हायवेवरचा पेट्रोलपंप आणि खानावळ) डावीकडे वळून शार्क बेतलं डेनम. तिथे तीन रात्री. मग कार्नार्वनला एक रात्र, कोरल बेला तीन, एक्समथजवळच्या केप रेंज नॅशनल पार्कमध्ये तीन. परतताना कार्नार्वन, कॅल्बरीला दोन रात्री, आणि शेवटची रात्र जुरियन बेला. यात कॅल्बरी ही तुमची शिल्लक. कुणाला ताप आला, गाडीचं काही निघालं, किंवा एखाद्या जागेवरून मुलांचा पाय निघेना, तर कॅल्बरी सोडून द्यायचं आणि जराही हळहळायचं नाही.

डेनमला तीन रात्री का, असं नवरा विचारेल. तुझ्या मुलीच्या वयाच्या पोरांसाठी याच्यापेक्षा चांगलं पाणी मला माहीत नाही. गावाबाहेरच लिटल लगून नावाचं गोल, उथळ तळं आहे, समुद्राचंच पाणी, पण लाट नाही. शेल बीचवर वाळू नाहीच. किलोमीटरच्या किलोमीटर बारीक पांढऱ्या शिंपल्यांचा थर आहे, काही ठिकाणी तो सात-दहा मीटर खोल जातो. मूठभर हातात घेऊन बघ, एकेक शिंपला नखाएवढा. पाण्यात बरंच आत चालत गेलं तरी ते गुडघ्याला लागतं. मात्र नेहमीच्या समुद्रापेक्षा कितीतरी खारट आहे, मुलांचे डोळे झोंबतील, म्हणून गोड्या पाण्याची एक बाटली हाताशी ठेव. जवळच्या मंकी माया नावाच्या जागी सकाळी डॉल्फिन किनाऱ्याशी येतात. रेंजर सांगतील तिथे उभं राहायचं, हात लावायचा नाही. मुलाला आणखी एक गोष्ट सांग: या उपसागराच्या तळाशी समुद्री गवताचं एकच रोप १८० किलोमीटर पसरलेलं आहे. शास्त्रज्ञांनी २०२२मध्ये ते जाहीर केलं, आणि त्याचं वय साडेचार हजार वर्षांच्या घरात धरलं. सहा वर्षांच्या मुलाला असल्या गोष्टीचं वेड लागतं. हा मलगाना या मूळ रहिवाशांचा पिढ्यान् पिढ्यांचा मुलूख आहे, हेही त्याला सांग. रिकामी जमीन म्हणून त्याने ती बघू नये.

आता रस्ता. तुझ्या भीतीतला मोठा वाटा इथे हलव. जेराल्डटन मागे पडलं की हायवेला बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. कांगारू, एमू, गुरं, बकऱ्या केव्हाही आडव्या येतात, आणि कांगारू पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्यात जास्त. जुलैत एक्समथला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पर्थला साडेपाचच्या आत. म्हणून घरात एकच कायदा करा: सकाळी ऊन नीट वर आल्यावर निघायचं आणि चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. अंधारात गाडी चालवायची नाही, कितीही थोडं अंतर उरलं असलं तरी. जनावर समोर आलंच तर चाक सरळ ठेवून ब्रेक दाबायचा. ते चुकवायला गाडी वळवली की ती उलटते, आणि माणसं दगावतात ती त्याने.

दुसरं, रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक. त्या साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात. त्यांना ओलांडायचं तर समोर निदान किलोमीटरभर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मागे राहा, तो कुठेतरी वळेल. दर दोन तासांनी थांबा आणि दोघांनी आलटूनपालटून चालवा. तुला हायवेवर चालवायची सवय नसेल तर ती आतापासून कर. सगळी गाडी एकट्या नवऱ्याच्या डोळ्यांवर सोडणं हा या सहलीतला मोठा धोका आहे. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पुढच्या रोडहाऊसला टाकी भरायची, दर जास्त असला तरी. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही. सावलीत गाडीपाशीच थांबायचं. या रस्त्यावर माणसं थांबून विचारपूस करतात.

आणि आता ती ओळ. “मला पोहता येत नाही.”

आपल्यातल्या कितीतरी बायकांना पोहायला येत नाही. आपल्याला कुणी शिकवलंच नाही. मुलगी वयात आली की विहिरीवर जाणं बंद. ऑस्ट्रेलियात येऊन आपण मुलांना पोहायच्या क्लासला घालतो आणि स्वतः काठावर टॉवेल घेऊन बसतो. या सहलीत ते चालणार नाही. कॅल्बरीच्या उत्तरेला लाल-पिवळे झेंडे लावलेले, जीवरक्षक असलेले किनारे मिळणार नाहीत असंच धरून चल. तिथे जीवरक्षक तूच. नवरा आत मासे बघत असताना मुलगी दोन पावलं पुढे गेली तर तिला धरायला तूच असशील, आणि कमरेएवढ्या पाण्याला घाबरणारी आई वेळेवर पोचत नाही. तुझ्या हातात जवळजवळ सहा महिने आहेत. तुझ्या भागातल्या तलावावर मोठ्यांसाठी नवशिक्यांचे वर्ग असतात, त्यात या आठवड्यात नाव घाल. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून शिकणाऱ्या कितीतरी बायका तिथे दिसतील, तेव्हा त्याची लाज नको. मला तू जुलैपर्यंत लांबवर पोहायला हवी आहेस असं नाही. पाण्यात पाठीवर तरंगता आलं पाहिजे, तोंड पाण्यात घालून श्वास सोडता आला पाहिजे, दहा-पंधरा मीटर न घाबरता जाता आलं पाहिजे. एवढं आलं की कोरल बेच्या शांत पाण्यात तूही काचेतून खाली बघशील, आणि मग ही सहल नवऱ्याची राहणार नाही.

पाण्याचे नियम थोडे आहेत पण ते पाळायचेच. पाच वर्षांखालचं मूल पाण्यात किंवा पाण्याकाठी असेल तर मोठं माणूस हाताच्या अंतरावर. फुगवायच्या दंडपट्ट्या किंवा तरंगायचं जॅकीट म्हणजे राखण नव्हे. कुणाची पाळी आहे हे तोंडाने बोलून ठरवायचं: “आता माझी नजर.” दोघंही बघतायत असं प्रत्येकाला वाटतं, आणि कुणीच बघत नसतं.

जागा पारखूनच उतरा. निंगालूचं प्रवाळ किनाऱ्याला इतकं लागून आहे की बोटीशिवाय दिसतं, हीच त्याची थोरवी. कोरल बेला गावासमोरचं पाणी उथळ आणि शांत आहे, मुलांना तिथेच खेळवा. टर्कॉइझ बे फार सुंदर आहे, पण त्याच्या दक्षिण बाजूला पाण्याला ओढ आहे. लोक तिथे मुद्दाम त्या ओढीवर तरंगत उत्तरेकडे जातात आणि वाळूच्या दांड्याच्या आधी बाहेर पडतात. ज्याला वेळेत बाहेर पडता येत नाही त्याला ती ओढ प्रवाळातल्या खिंडीतून बाहेरच्या समुद्राकडे नेते. ते पट्टीच्या पोहणाऱ्याचं काम. तुम्ही उत्तरेकडच्या शांत बाजूलाच बसा. ऑयस्टर स्टॅक्स या वर्षी नकोच, तिथे खडक धारदार आहेत आणि भरती नसेल तर उतरूच नये. कार्नार्वनच्या उत्तरेला क्वोबाची ब्लोहोल्स आहेत, खडकातून पाण्याचे फवारे उडतात. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी आहे की राक्षसी लाटा जीव घेतात. त्या पाटीमागे खरी माणसं गेलेली आहेत. अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन खडकांवर जायचं नाही. लांबून बघा, नाहीतर सोडा.

जनावरांचं थोडक्यात सांगते. मगरींचा मुलूख मुख्यतः ब्रूमच्या पुढचा, किंबर्लीचा. एक्समथच्या आखातात क्वचित एखादी दिसल्याच्या बातम्या येतात, म्हणून पाटी असेल तर पाटीचं ऐकायचं, एवढंच. साप असतात. ते सहसा स्वतःहून निघून जातात. रात्री बॅटरीशिवाय आणि बुटांशिवाय चालायचं नाही, आणि सकाळी बूट उलटे करून आपटल्याशिवाय घालायचे नाहीत. साप चावलाच तर जखम धुवायची नाही, चिरायची नाही, वर दोरी आवळायची नाही. रुंद इलॅस्टिक पट्टी आधी चाव्यावर, मग बोटांपासून सुरू करून अख्ख्या हाता-पायावर वरपर्यंत गुंडाळायची, लचकलेल्या पायाला बांधतो तेवढी घट्ट. काठी बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि आणीबाणीचा ००० नंबर फिरवायचा. ही पद्धत ऑस्ट्रेलियातच शोधली गेली, १९७०च्या दशकाच्या अखेरीला. पट्ट्या तीन-चार घे आणि मुलाच्या टेडीच्या पायावर सगळ्यांनी मिळून सराव करा. मुलाला हा खेळ आवडेल आणि तुझे हातही बसतील.

मला सापापेक्षा शिंपल्यांची जास्त काळजी वाटते. मुलं शिंपला दिसला की उचलतात आणि खिशात घालतात. या पाण्यात शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शिंपल्यातला जीव विषारी काटा मारतो, आणि निळ्या वलयांचा इवलासा ऑक्टोपस रिकाम्या शिंपल्यात दडून बसतो. त्याच्या चाव्याने श्वास बंद पडू शकतो. म्हणून शेल बीचचे कोरडे बारीक शिंपले मुठीत घेऊन परत टाकायचे, बाकी सगळीकडे शिंपले फक्त बघायचे. पाण्यात जाताना पायात रबरी बूट, दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा दगडमासा असतो त्यासाठी. अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. आपली मुलं सावळी आहेत म्हणून ऊन लागत नाही असं समजू नकोस. तिकडचं ऊन जुलैतही भाजतं.

तंबूबद्दल. टपावरचा तंबू नको. मित्राला आभार मानून परत दे. रात्री दोन वाजता “आई, शू” झालं की अर्धवट झोपेतल्या मुलीला घेऊन शिडी उतरायची, बाहेर अकरा अंशांची थंडी, आणि एका पायाचा अंदाज चुकला की संपलं. जमिनीवरचा मोठा तंबू घ्या, आत चौघांची अंथरुणं शेजारी-शेजारी, आणि तंबूच्या पडवीत मुलीचं पॉटी. खिळे वाळूत धरणारे, लांब आणि रुंद घ्या. हा किनारा वाऱ्याचा आहे आणि घरच्या हिरवळीवर छान बसणारे खिळे तिथे पहिल्याच रात्री उपटतात. मार्च-एप्रिलमध्ये ड्वेलिंगपजवळच्या लेन पूल रिझर्व्हमध्ये दोन रात्री राहून या. पर्थपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. एक रात्र पुरत नाही, पहिली रात्र सगळेच जागतात. काय विसरलं, काय नको होतं, मुलगी कशाने रडते, हे तिथे कळेल, घर दोन तासांवर असताना.

केप रेंजच्या कॅम्पांत पिण्याचं पाणी नाही, अंघोळीची सोय नाही, कचऱ्याचे डबे नाहीत. कोरडे संडास आहेत. शेकोटीला बंदी आहे. चौघांना पिण्या-रांधण्याला दिवसाला २० लिटर धर. तीन रात्रींचे ६० आणि दोन दिवसांचे राखीव ४०, म्हणजे वीस लिटरचे पाच कॅन. हे शंभर किलो वजन टपावर चढवू नका, गाडीत खाली, मागच्या सीटला टेकून ठेवा आणि पट्ट्याने बांधा.

वरण-भाताची चिंता सोड. तीन लिटरचा कुकर आणि दोन शेगड्यांचा गॅस घे, वाऱ्याला आडोसा करायचा पत्रा घे. मुगाची डाळ, तांदूळ, हिंग-हळद-मीठ घरीच मापून एकेका जेवणाच्या पिशव्या भर. तिकडे गेल्यावर पिशवी फोडायची, पाणी घालायचं, तीन शिट्ट्या. मेतकूट आणि तूप असलं की मुलीचं जेवण झालं. थालीपिठाची भाजणी ने, सकाळी एकेक लावलं की दुपारी गाडीत खायला होतं. कार्नार्वनला गॅस्कॉइन नदीकाठी केळीच्या बागा आहेत; नदीत बहुतेक वर्षभर नुसती वाळू दिसते, पाणी त्या वाळूखालून वाहतं आणि त्यावरच या बागा पोसल्या जातात. तिथली केळी आखूड आणि फार गोड असतात. बागेच्या दारातून विकत घे आणि शिकरण कर. मोठा बाजार जेराल्डटनला आणि कार्नार्वनला उरकून घे, पुढे भाजी कमी आणि महाग. एक कडक सूचना: कितीही वारा असो, थंडी असो, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. आगीचं भय आहेच, आणि बंद तंबूत साचणारा विषारी वायू झोपेत जीव घेतो, वासही येत नाही.

आणि गॅसपाशी तू एकटी उभी राहायची नाहीस. मार्गारेट रिव्हरबद्दल तू जे लिहिलंस ते मला साप-कोळ्यांच्या यादीपेक्षा जास्त बोललं. ती सहल तुझ्यासाठी घरचंच काम होतं, फक्त ओटा गैरसोयीचा. निघायच्या आधी कामं कागदावर वाटा. नवरा तंबू उभारतो म्हणून त्याचं काम संपलं असं नाही. तंबू एकदा उभारायचा, जेवण दिवसातून तीनदा. एक दिवस स्वयंपाक त्याचा, एक दिवस तुझा. ज्याचा स्वयंपाक त्याने भांडी घासायची नाहीत. आणि कोरल बेला निदान एक अख्खी सकाळ त्याने मुलं सांभाळायची, तू पाण्यात.

दवाखाने तुला वाटतात तेवढे दूर नाहीत. जेराल्डटन, कार्नार्वन आणि एक्समथला रुग्णालयं आहेत, डेनम आणि कोरल बेला नर्सिंग पोस्ट, म्हणजे नर्सवर चालणारे छोटे दवाखाने. गंभीर रुग्णाला फ्लाइंग डॉक्टरचं विमान पर्थला नेतं. ती सेवा १९२८पासून चालू आहे. मुलाला ताप आला आणि काय करावं सुचेना तर हेल्थडायरेक्टवर, १८०० ०२२ २२२ या नंबरावर, चोवीस तास नर्स बोलते. विषबाधा किंवा किरकोळ दंश असेल तर १३ ११ २६. हे दोन्ही कागदावर लिहून गाडीत चिकटव, फोनमध्ये नको. पश्चिम ऑस्ट्रेलियात अॅम्ब्युलन्सचा खर्च मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, देत नाही, म्हणून तुमच्या विम्यात तो आहे का ते आजच बघ. रेंजसाठी टेलस्ट्राचं एक सिम असू द्या, केप रेंजमध्ये तेही भरवशाचं नाही. त्यासाठी आणीबाणीचा उपग्रह बीकन भाड्याने मिळतो, तो घ्या. आयफोन १४ किंवा त्यापुढचा फोन असेल तर त्यातही उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. औषधांच्या डब्यात मुलांचं तापाचं औषध वजनानुसार मापून लिहिलेलं, क्षारसंजीवनी, अॅलर्जीचं औषध, चिमटा आणि व्हिनेगरची बाटली. उत्तरेकडच्या जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर ओततात. दगडमासा टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांनी नातवंडांना काळजीपोटीच जपायला सांगितलंय. त्यांना नकाशा पाठव, रोज कुठे मुक्काम आहे ते लिहून दे, आणि हे आधीच सांगून ठेव की केप रेंजच्या तीन दिवसांत फोन लागणार नाही. आधी सांगितलं नाहीस तर त्या तीन रात्री साताऱ्यात कुणी झोपणार नाही.

नवऱ्याशी मात्र बोलायला बस, मुलं झोपल्यावर, नकाशा भिंतीवरून काढून टेबलावर ठेवून. “मी घाबरते” असं म्हणू नकोस, त्याला ते ऐकायची सवय झाली आहे. म्हण, “मला यायचंय. मी पोहायला शिकतेय. अंधारात गाडी नाही, टपावर तंबू नाही, ब्रूम नाही. बाकी सगळं हो.” त्याला वाईट वाटेल, थोडा वेळ दे. निंगालूच्या किनाऱ्यावरून जुलैत हंपबॅक देवमासे उत्तरेकडे जाताना दिसतात, एक्समथजवळच्या व्लामिंग हेडच्या दीपगृहाच्या टेकडीवरून तर नुसत्या डोळ्यांनी. हे त्याला दाखव.

आणि बुकिंग. केप रेंजच्या कॅम्पच्या जागा ऑनलाइन मिळतात आणि १८० दिवस आधी खुल्या होतात, म्हणजे जुलैच्या सुट्टीचं आरक्षण याच महिन्यात सुरू होतं. शाळेच्या सुट्टीतल्या जागा बघता बघता जातात. तारखा मोजून ठेव, ज्या दिवशी खुलतील त्या सकाळी तू एका लॅपटॉपवर आणि नवरा दुसऱ्यावर बसा. ऑस्प्रे बे मिळालं तर उत्तम, नाहीतर कुराजाँग, मेसा, जे मिळेल ते. ते पक्कं झालं की त्याच्या मागच्या-पुढच्या तारखांना कोरल बे आणि डेनमच्या कॅरॅव्हॅन पार्कना फोन कर. एकच उलटं करू नकोस: आधी डेनम आणि मग केप रेंज असं बुकिंग केलंस तर मधल्या तारखा जुळणार नाहीत.